आईबाबा फ्लॅटला पैसे देतायत, टॅक्स लागेल का? आणि ते घ्यायचे कसे

आमच्या रत्नागिरीकडे फ्लॅट बुक केला की पहिला प्रश्न हाच येतो, बाबा दहा लाख देतायत, टॅक्स भरावा लागेल का. नाही लागत. आईवडिलांनी मुलाला किंवा मुलीला दिलेल्या पैशावर घेणाऱ्याला टॅक्स नाही, रक्कम कितीही असो, आणि देणाऱ्यालाही नाही कारण आपल्याकडचा गिफ्ट टॅक्स 1998 सालीच बंद झाला. 50,000 ची जी मर्यादा सगळे सांगतात ना, ती नातेवाईक सोडून बाकीच्यांसाठी आहे.

पण नातेवाईक कोण हे कायद्याने ठरवलंय, आपण नाही. आईवडील, आजीआजोबा, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी, सासूसासरे हे सगळे चालतात. चुलतभाऊ, मामेभाऊ चालत नाहीत! गणपतीत एका घरात राहणारा चुलतभाऊ प्रेमाने 60,000 देतो आणि ती सगळीच्या सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते, फक्त वरचे दहा हजार नाही. त्याच्याकडून उसने घ्या, चेकने घ्या आणि चेकनेच परत करा.

आता खरं महत्त्वाचं. टॅक्स नाही म्हणजे कोणी विचारणार नाही असं नाही. पैसा कुणाचा, त्यांच्याकडे कुठून आला आणि तुमच्याकडे कसा आला, हे तिन्ही कागदावर दिसायला पाहिजे.

माझंच सांगतो. फ्लॅट 42 लाखांचा, 30 ते 75 लाखाच्या लोनला बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे 8 लाख 40 हजार आपले आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन वेगळं कारण ते लोनमधे धरत नाहीत. बाबांनी एफडी मोडून 7 लाख माझ्या खात्यात टाकले, त्यावर कोणी काहीच विचारलं नाही. पण आंब्याच्या सीझनचे 1 लाख 80 हजार त्यांनी घरीच ठेवलेले, ते मला हातात दिले आणि मी माझ्या खात्यात भरून टाकले. बँकेने लोन तिथेच अडवलं, ही कॅश कुठली ते दाखवा म्हणाले. शेवटी बाबा पावसजवळच्या आमच्या गावातून एसटीने आले, पिशवीत सातबारा आणि वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (आंबा विकल्याच्या हिशेबाचे कागद), दोऱ्याने बांधलेल्या, काहींवर पाणी पडून शाई पसरलेली. पेट्या किती, भाव काय, हमाली, कमिशन, सगळं त्यावर होतं म्हणून निभावलं. तीन आठवडे गेले त्यात आणि बिल्डर रोज फोन करत होता. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नसला तरी ते शेतीचंच आहे हे दाखवायला पट्ट्याच लागतात, टाकू नका त्या.

म्हणून क्रम असा ठेवा. कॅश असेल तर ती आधी आईबाबांनी स्वतःच्या खात्यात भरायची आणि तिथून चेक किंवा आरटीजीएस. हातात कॅश घेऊच नका, कारण एका माणसाकडून 2 लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, बापाकडून घेतली तरी. आज दीड आणि उद्या दीड असं करूनही सुटत नाही, एकाच कारणासाठीचे पैसे एकत्र मोजतात. बिल्डरला द्यायचे तेही बँकेतूनच, जागेच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख चालत नाही.

मग गिफ्ट डीड, म्हणजे बक्षीसपत्र, करा. दोघांची नावं, पॅन, नातं, रक्कम, तारीख, चेक किंवा यूटीआर नंबर (बँक ट्रान्सफरचा व्यवहार क्रमांक), पैसे कुठून आले (एफडी, ग्रॅच्युइटी, बागायत) आणि हे परत घ्यायचे नाहीत हे वाक्य. खाली दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्या दिवशी पैसे आले त्याच सुमाराला करा, दोन वर्षांनी मागची तारीख टाकून नको. रिटर्नमधे एक्झेम्प्ट इन्कमच्या (करमुक्त उत्पन्नाच्या) रकान्यात रक्कम दाखवलेली बरी.

पैसे सुनेच्या खात्यात टाकू नका. तिलाही टॅक्स लागत नाही हे खरं, पण सासूसासऱ्यांच्या पैशातून घेतलेलं घर भाड्याने दिलं तर त्या भागापुरतं भाडं सासूसासऱ्यांच्याच उत्पन्नात धरतात. सज्ञान मुलाला, मुलीला किंवा जावयाला दिले तर तसं होत नाही.

बाबा जमीन विकून देणार असतील तर त्यांचा टॅक्स आधी बघा. गावची शेतजमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून लांब असेल तर विक्रीवर कॅपिटल गेन टॅक्स (नफ्यावरचा टॅक्स) नाही, आणि ते अंतर जवळच्या शहराच्या लोकसंख्येवर ठरतं. रत्नागिरी, चिपळूणसारख्या एक लाखाच्या आतल्या शहरांना ते 2 किलोमीटर, तेही सरळ रेषेत, रस्त्याने नाही. हद्दीतला प्लॉट किंवा जुनं घर विकलं तर नफ्यावर टॅक्स बाबांना, आणि नवीन घर फक्त मुलाच्या नावावर असेल तर त्यांना नवीन घर घेतल्याबद्दलची टॅक्स सूट मिळेल असं धरून चालू नका. सूट हवी असेल तर खरेदीखतात बाबांचं नाव त्यांच्या हिश्श्यासकट घाला, व्यवहाराआधी सीएला विचारून.

आणि सातबारा सामायिक असेल तर विक्रीचे सगळे पैसे बाबांचे नसतात, त्यात आत्याचाही हिस्सा असू शकतो. बाबा गिफ्ट देऊ शकतात ते फक्त स्वतःच्या वाट्याचं, त्यामुळे आधी वाटणी कागदावर होऊदे, ज्याचे त्याच्या खात्यात जाऊदेत, मग तुमचा चेक.