अंधार पडल्यावर जेट स्की: नियम ठरवताना आणि लिहिताना

एखाद्या तलावाची, खाडीची किंवा किनाऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळापुढे सूर्यास्तानंतर जेट स्की चालवू द्यावी का, हा प्रश्न आला की चर्चा बहुधा आवाजापासून सुरू होते आणि तिथेच अडकते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांची तक्रार खोटी नसते. शांत रात्री पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असली की ध्वनी खाली वळतो आणि दिवसा जिथे ऐकू येत नाही तिथपर्यंत पोहोचतो. शिवाय लाटेवरून उडताना जेट स्कीच्या इंजिनाचा सूर सतत चढत-उतरत राहत असल्यामुळे कानाला त्याची सवय होत नाही. तरीही आवाजाला नियमाचा मुख्य आधार करू नये. कारण उद्या कोणी विजेवर चालणारे जवळजवळ निःशब्द यंत्र घेऊन आला, तर नियमाचा पायाच निखळतो. रात्रीच्या बंदीचा खरा आधार दोन गोष्टींत आहे: हे यंत्र इतरांना दिसत नाही, आणि चालकाला वेळेवर काही दिसले तरी ते वेळेत वळत किंवा थांबत नाही. विरंगुळ्यासाठी चालवल्या जाणाऱ्या जेट स्कीला सूर्यास्तानंतर परवानगी असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मंडळाने ते मत म्हणून न स्वीकारता पुढील हिशेब स्वतः करून पाहावा.

प्रथम दिव्यांचा हिशेब

समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 मध्ये ठरले आणि 1977 पासून लागू झाले. अनेक देशांचे अंतर्गत जलमार्गांचे नियमही त्याच धर्तीवर आहेत. त्यांनुसार सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालू नौकेवर ठरावीक दिवे असलेच पाहिजेत. 12 मीटरपेक्षा लहान यांत्रिक नौकेला डाव्या बाजूस तांबडा व उजव्या बाजूस हिरवा दिवा आणि सर्व बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा एवढ्यावर भागवता येते. बाजूचे दिवे किमान 1 सागरी मैलावरून (सुमारे 1.85 किलोमीटर) आणि पांढरा दिवा 2 सागरी मैलांवरून दिसावा लागतो. पांढरा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान 1 मीटर उंच हवा.

परवानगी मागणारे येथे हमखास एक सवलत पुढे करतात. 7 मीटरपेक्षा लहान नौकेने केवळ एक पांढरा दिवा लावला तरी चालते, असे ते सांगतात आणि जेट स्की तर साधारण 3 ते 3.5 मीटर लांबीची असते. पण त्या सवलतीचा उरलेला अर्धा भाग वाचून दाखवावा: नौकेची कमाल गती 7 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 13 किलोमीटर, याहून अधिक नसेल तरच ती लागू होते. कमाल गती म्हणजे यंत्राची क्षमता. ‘मी हळूच चालवीन’ हे आश्वासन तेथे उपयोगी पडत नाही.

मग पूर्ण दिवे बसवावेत, असा पुढचा मुद्दा येतो. तसे काही जण खांब उभारून करतातही. परंतु बसलेल्या चालकाचे शरीर दिव्याच्या आड येऊ नये एवढा उंच खांब या छोट्या यंत्रावर लाटांच्या दणक्यांत टिकवणे अवघड असते, आणि यंत्र उलटले की तो खांब पाण्याखाली जातो. बाजारात मिळणाऱ्या निळ्या-जांभळ्या शोभेच्या पट्ट्यांचा तर विचारही करू नये. विहित दिव्यांशी गोंधळ होईल किंवा टेहळणीत अडथळा येईल असा कोणताही दिवा लावण्यास याच नियमांत मनाई आहे.

पुढे पाहण्यासाठी झगझगीत दिवा लावला की काम झाले, ही समजूत रस्त्यावरून आलेली आहे. रस्त्याचा खडबडीत पृष्ठभाग मोटारीच्या प्रकाशाचा काही भाग आपल्याकडे परत पाठवतो, म्हणून रस्ता दिसतो. शांत पाणी आरशासारखे असते. त्यावर पडलेला झोत पुढेच निघून जातो आणि चालकाकडे फारसे काही परतत नाही. उलट, उडालेल्या तुषारांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने त्याचेच डोळे दिपतात आणि समोरून येणाऱ्या नावाड्यालाही काही दिसेनासे होते. अंधाराला सरावण्यासाठी डोळ्यांना 20 ते 30 मिनिटे लागतात. ती तयारी एका झगमगाटात वाया जाते.

मग थांबण्याचा हिशेब

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी जेट स्की एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे सरकते. समजा, अंधारात चालकाला दिवा नसलेली होडी, तरंगणारा ओंडका किंवा पोहणाऱ्याचे डोके 40 मीटरवर दिसले. त्याच्या हाती अडीच सेकंदांहून कमी वेळ उरतो आणि त्यातला मोठा भाग ‘हे काय आहे’ हे ओळखण्यातच जातो. दचकलेला माणूस सर्वप्रथम थ्रॉटल, म्हणजे हँडलवरची वेग वाढवणारी कळ, सोडतो, आणि घात होतो तो नेमका येथे. जेट स्कीला सुकाणू नसते. मागच्या तोंडातून फेकल्या जाणाऱ्या पाण्याच्या झोताची दिशा बदलून ती वळते. थ्रॉटल सोडला की झोत मंदावतो, हँडल कितीही फिरवले तरी यंत्र आहे त्याच दिशेने घसरत राहते. काही नव्या मॉडेलांत वेग कमी करणारी यंत्रणा असते, पण नियम करताना पाण्यात उतरणारे सर्वात जुने यंत्र डोळ्यांपुढे ठेवावे.

दिवसा हा दोष अंतराने झाकला जातो, कारण अडथळा दुरूनच दिसतो. मोठी, संथ नौका रात्री चालू शकते, कारण तिच्यावर उंचावर दिवे असतात, टेहळणीला दुसरा माणूस असतो आणि ती दिसण्याच्या अंतरात थांबू शकते. त्यामुळे ‘बोटींना चालते, मग आम्हालाच बंदी का’ या आक्षेपात वरवर तथ्य वाटले तरी तुलना समान वस्तूंची होत नाही. जी बोट बिनदिव्याची आणि भरधाव असेल तिलाही हाच न्याय लावावा, हे मात्र मान्य केले पाहिजे.

नियम शब्दांत मांडताना

प्रथम व्याख्या करावी. ‘जेट स्की’ हे मुळात एका कंपनीचे व्यापारी नाव आहे; बोलण्यात ते सर्वांसाठी वापरले जात असले, तरी मसुद्यात तेवढेच लिहिले तर दुसऱ्या कंपनीचे यंत्र चालवणारा वाद घालू शकतो. प्रामुख्याने पाण्याच्या झोतावर चालणारी आणि जिच्या आत न बसता जिच्यावर बसून, उभे राहून किंवा गुडघे टेकून चालवले जाते अशी लहान नौका, अशी रचनेवर आधारलेली व्याख्या पुरेशी आहे.

त्यानंतर वेळ. ‘अंधार पडल्यावर’ हा शब्दप्रयोग मसुद्यात येऊ देऊ नये, कारण अंधार कधी पडला यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. सूर्यास्ताची वेळ मात्र पंचांगात छापलेली असते. जगात दोन पद्धती आढळतात: अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत बंदी आहे, तर फ्लॉरिडात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत. अर्ध्या तासाची सूट उदार वाटते, पण ती उचलण्यापूर्वी आपले अक्षांश पाहावेत. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंत कामापुरता संधिप्रकाश असतो; विषुववृत्ताजवळ तो 20 ते 25 मिनिटांतच संपतो, तर ध्रुवांकडच्या प्रदेशात उन्हाळ्यात तासापेक्षाही लांबतो. म्हणजे एके ठिकाणी वाजवी असलेली सूट दुसरीकडे अंधारात चालवण्याचा परवाना ठरते. माझा कल थेट सूर्यास्ताकडे आहे. मावळतीपूर्वीचा तिरपा प्रकाशही पश्चिमेकडे जाणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, त्यामुळे सूर्यास्ताला यंत्र पाण्याबाहेर असावे अशी शब्दरचना असेल तर अधिक बरे. धुके आणि मुसळधार पाऊस यांनाही तीच बंदी लावावी. भाड्याने यंत्रे देणाऱ्यांसाठी शेवटच्या फेरीची वेळ सूर्यास्ताच्या एक तास आधी ठेवावी आणि ती आठवड्यागणिक बदलून धक्क्यावरच्या फलकावर ठळक लिहावी.

अपवाद एकच ठेवावा, तो बचावकार्याचा. त्यातही प्रशिक्षित चालक, किनाऱ्याशी संपर्क आणि शक्यतो दोन यंत्रांची जोडी या अटी असाव्यात. स्पर्धा आणि दिव्यांचे खेळ यांना अपवादात बसवण्याचा आग्रह होतो. त्यासाठी पाण्याचा वेगळा, रिकामा केलेला भाग आणि त्या दिवसापुरती लेखी परवानगी मागावी, नियमातच पळवाट ठेवू नये.

चालकाने सूर्यास्तापूर्वी परतण्यासाठी

परतीची वेळ निघण्याआधी ठरवावी आणि ती किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून ठेवावी. इंधनाचे तीन भाग कल्पून एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव ठेवावा. उशीर होण्यामागे बेफिकिरीइतकेच रिकामी टाकी हेही कारण असते. घड्याळ नसेल तर हात सरळ पुढे धरून क्षितिज आणि सूर्य यांच्यात किती बोटे मावतात ते पाहावे: एक बोट म्हणजे साधारण पाव तास. चार बोटे उरली की मागे वळावे. पट्ट्या चमकणारे जीवरक्षक जाकीट निवडावे; तांबड्या रंगावर भिस्त ठेवू नये, कारण मंद प्रकाशात मानवी डोळ्याला सर्वप्रथम तांबडाच काळपट दिसू लागतो.

तरीही अंधाराने गाठलेच, तर वेग इतका कमी करावा की यंत्राने मागे लाट उठवू नये, मात्र वळण्यापुरता थ्रॉटल चालू ठेवावा. किल स्विचची, म्हणजे चालक पडताच इंजिन बंद करणाऱ्या कळीची, दोरी मनगटाला किंवा जाकिटाला अडकवलेली आहे याची खात्री करावी, कारण रात्री पाण्यात पडलेल्या माणसापासून दूर गेलेले यंत्र पोहून गाठणे जवळजवळ अशक्य असते. पाणी हवेच्या तुलनेत सुमारे 25 पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या रांगेत नांगरलेल्या होड्यांचे दिवे मिसळून जातात, म्हणून सर्वात तेजस्वी दिव्याकडे सरळ जाऊ नये. मधूनमधून थांबून कान द्यावा आणि मग पुढे सरकावे. जवळ विजेरी असेल तर ती जवळ येणाऱ्या नौकेचे लक्ष वेधण्यासाठी वापरावी, तिच्या चालकाच्या डोळ्यांवर मारू नये. दिशा समजेनाशी झाली किंवा इंजिन बंद पडले, तर यंत्र सोडून पोहत जाऊ नये. रात्री शोध घेणाऱ्याला एकट्या डोक्यापेक्षा तरंगणारे यंत्र लवकर सापडते. आणि धक्क्याला लागताच, ओले कपडे बदलण्याही आधी, परतीची वेळ ज्याला सांगितली होती त्याला कळवावे, नाहीतर आपल्या शोधात दुसरा कोणी त्याच अंधारात पाण्यात उतरलेला असतो.