बीएला फिलॉसॉफी घ्यायचीय? मग एफवायलाच एवढं ठरवून टाका

घरी "याचं पुढे काय?" हे विचारलं जाणारच आणि खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नाहीये. या डिग्रीला सीएसारखं एक ठरलेलं काम चिकटून येत नाही, ते आपणच शोधून जोडावं लागतं, आणि टीवायचा रिझल्ट लागल्यावर शोधायला बसलात तर एक-दोन वर्षं अशीच जातात. त्यामुळे फिलॉसॉफी घ्या बिनधास्त, पण तिच्या बाजूला काय ठेवणार ते आधी ठरवा.

आधी कॉलेज. मुंबईत रुईया, विल्सन, सोफिया (हे फक्त मुलींचं) इथे फिलॉसॉफीचं डिपार्टमेंट आहे, पण नुसतं नाव बघून फॉर्म भरू नका, डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारा की तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर (मुख्य विषय) मिळतं का, टीवायला मुलं किती असतात, पर्मनंट शिक्षक किती आणि चौथं ऑनर्सचं वर्ष तिथेच करता येईल का. एनईपीनंतर (नवं शैक्षणिक धोरण) तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं, पण प्रत्येक कॉलेज सगळं देतंच असं नाही. ॲडमिशनच्या वेळी मुंबई युनिव्हर्सिटीच्या साइटवरचं प्री-ॲडमिशन एनरोलमेंट आणि कॉलेजचा फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही करा.

आता मायनर, म्हणजे मेजरच्या जोडीचा दुसरा विषय, आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. स्पर्धा परीक्षा डोक्यात असेल तर पॉलिटिकल सायन्स किंवा इतिहास. सायकॉलॉजीत एमए करायचा जरासा जरी विचार असेल तर सायकॉलॉजी आत्ताच घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी एमएला बीएचा तोच विषय मागतात. इकॉनॉमिक्स घेतलंत तर पॉलिसी आणि रिसर्चच्या कामांना उपयोग होतो, आकड्यांना घाबरत नाही एवढं तरी सांगता येतं. भारतीय दर्शनांत खोल जायचं असेल तर संस्कृत किंवा पाली लागणारच, भाषांतरांवर फार लांब जाता येत नाही (दोन्हीची डिपार्टमेंट्स युनिव्हर्सिटीच्या कलिना कॅम्पसला आहेत). मैत्रिणीने घेतला म्हणून मायनर घेऊ नका, एवढंच.

मराठी मीडियमवाल्यांसाठी थोडं जास्त लिहितो. बीएचे पेपर मराठीत लिहिता येतात, यूपीएससी मेन्सही मराठीत देता येते, पण नेटचा (कॉलेजात शिकवण्यासाठीची देशपातळीवरची परीक्षा) पेपर इंग्रजी-हिंदीत असतो आणि गेटचा (आयआयटीसारख्या ठिकाणी पुढे शिकण्यासाठीची परीक्षा) फक्त इंग्रजीत. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करा, एका बाजूला ज्ञानमीमांसा, सत्ताशास्त्र, अनुमान, दुसऱ्या बाजूला त्याचे इंग्रजी शब्द, आणि रोज थोडंसं इंग्रजीत वाचा. स्टॅनफर्डचा फिलॉसॉफीचा एन्सायक्लोपीडिया ऑनलाइन फुकट आहे, जड वाटतो पण एका नोंदीची पहिली दोन पानं वाचली तरी चालतं. मराठीत आधी विषय डोक्यात बसवायचा असेल तर मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे, आणि दे. द. वाडेकरांनी संपादित केलेल्या तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड एखाद्या जुन्या लायब्ररीत मिळाले तर सोडू नका. गाइडवर मार्क मिळतात, विषय येत नाही.

आणि लिहा. महिन्याला एक पान पुरे, पण त्यात कोण काय म्हणालं याची यादी नको, तुमचं म्हणणं हवं, त्याच्यावरचा सगळ्यात कडक आक्षेप हवा आणि त्याला उत्तर हवं. न्याय दर्शनवाले प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द अशी चार प्रमाणं (ज्ञान मिळवायची साधनं) मानतात आणि चार्वाक अनुमानावरच शंका घेतो, तर मग धूर दिसला म्हणून फायर ब्रिगेडला फोन करणारा माणूस चुकतोय का? किंवा अगदी आपलं, लोकलमधली चौथी सीट, तो उभ्या माणसाचा हक्क की बसलेल्या तिघांनी केलेली मेहरबानी? यावर नीट दीड पान लिहून बघा, कांटचा चॅप्टर दुसऱ्यांदा वाचण्यापेक्षा जास्त शिकाल. अशी आठ-दहा चांगली पानं जमली की इंटर्नशिप मागताना दाखवायला काहीतरी असतं, मार्कशीटवर तेवढं कळत नाही.

पुढच्या वाटा. लॉ मला सगळ्यात सरळ वाटतो, ग्रॅज्युएशननंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी करायचं, आणि युक्तिवादातली फट शोधायची सवय तिथे रोज कामाला येते. यूपीएससीत फिलॉसॉफी ऑप्शनलचे 500 मार्क आणि एथिक्सच्या पेपरचे 250, हे ऐकायला भारी वाटतं, पण आधी प्रीलिम्स काढावी लागते आणि तिथे फिलॉसॉफी फारशी कामाला येत नाही, त्यामुळे "माझा ऑप्शनल तयार आहे" या भरवशावर तीन-चार वर्षं लावू नका, किती अटेम्प्ट देणार ते आधी घरी बोलून ठेवा.

शिकवायचं असेल तर एमएला किमान 55 टक्के (आरक्षित गटांना 50) आणि नेट किंवा सेट. सेट महाराष्ट्रापुरतीच चालते, नेट देशभर. नेटला दोन पेपर, 150 प्रश्न, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. नेटमधूनच जेआरएफ (रिसर्चसाठीची फेलोशिप) मिळाली तर पीएचडीला पहिली दोन वर्षं महिना 37,000. मात्र पर्मनंट जागा फार कमी निघतात, नेट-सेट झालेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं सीएचबीवर तासांच्या हिशोबाने शिकवतायत, हे कुठल्याच ॲडमिशन माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं म्हणून इथे लिहितोय. एमएबरोबर बीएड असेल तर ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचा पर्याय राहतो. रिसर्चच करायचा असेल तर गेटमध्ये ह्युमॅनिटीजच्या पेपरात फिलॉसॉफीचा सेक्शन आहे, तोही बघा.

मेडिकल एथिक्सचं हल्ली बरेच जण विचारतात. हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीत समाजशास्त्रज्ञ किंवा तत्त्वज्ञाला जागा असते हे खरं, पण ते मेंबर असणं झालं, नोकरी नाही, तिच्यासाठी बायोएथिक्स किंवा पब्लिक हेल्थचं वेगळं शिक्षण लागतं. भाषांतर, संपादन, एनजीओमधलं रिपोर्ट रायटिंग इथे मात्र बीएनंतर लगेच शिरता येतं, सुरुवातीला पैसे कमी.

एसवायच्या मे महिन्याच्या सुट्टीत यातलं एक तरी करून बघा, वकिलाच्या ऑफिसात फाइली वाचणं, एखाद्या प्रकाशकाकडे प्रुफं तपासणं, शाळेतल्या मुलांना शिकवणं, काहीही, म्हणजे टीवायच्या ऑक्टोबरपर्यंत कुठल्या एका एंट्रन्सच्या मागे लागायचं ते कळलेलं असेल, कारण फॉर्म सुटायला लागले की सबमिशन, अटेंडन्स आणि केटी यांच्यात डेट कधी गेली ते कळत नाही.