कक्षेच्या गणितात अँटेनाचा रेटा धरण्याआधी

दिशादर्शक उपग्रह पृथ्वीकडे सतत रेडिओ लहरी सोडत असतो आणि त्यामुळे त्याला उलट दिशेने, म्हणजे पृथ्वीपासून दूर, बारीकसा रेटा बसतो. तो हिशेबात घ्यायचा तर आधी शक्तीचा आकडा नीट पारखून घ्या. हवी असते ती अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती, सगळ्या फ्रिक्वेन्सींची मिळून, वॅटमध्ये. कागदपत्रांत बरेचदा ईआयआरपी असते, म्हणजे सगळ्या दिशांना सारख्याच लहरी सोडणाऱ्या अँटेनाला तेवढाच सिग्नल द्यायला जी शक्ती लागली असती ती. तिच्यात अँटेनाचा गेन, म्हणजे लहरी एका दिशेला एकवटल्याने होणारी वाढ, धरलेला असतो, त्यामुळे ती तशीच भरली की रेटा कित्येक पट फुगतो. सौर पट्ट्यांतून मिळणारी वीजही इथे चालत नाही. तिचा बराच भाग उष्णतेत जातो.

आकडे उपग्रहांच्या गटागणिक वेगळे ठेवा. जीपीएसच्या आयआयआर-एम गटाचे उपग्रह सुमारे 145 वॅट सोडतात, आयआयएफ गटाचे 240. रशियाच्या ग्लोनासमध्ये 20 ते 135 आणि युरोपच्या गॅलिलिओत 95 ते 265 इतका फरक आहे. सगळ्यांना एकच सरासरी लावणे हा शुद्ध आळस. जीपीएसचे काही उपग्रह एका सिग्नलची शक्ती दुसऱ्याकडे वळवतात, तेव्हा त्या तारखांची नोंदही हाताशी असू द्या.

मग वस्तुमान. शक्तीला वस्तुमान आणि प्रकाशवेगाच्या गुणाकाराने भागले की त्वरण मिळते. आयआयएफसाठी, साधारण 1,600 किलो धरून, ते दर चौरस सेकंदाला 0.5 नॅनोमीटर येते. सौर प्रारणदाब, म्हणजे सूर्यप्रकाशाचा दाब, याच्या शंभराहून अधिक पट असतो, मग एवढ्याशाची फिकीर कशाला? कारण हा रेटा सदैव त्रिज्येच्या दिशेनेच असतो आणि सूर्याच्या दिशेला बांधलेले अनुभवजन्य पॅरामीटर, म्हणजे मॉडेलमधली उणीव भरून काढायला निरीक्षणांवरून बसवलेले आकडे, तो पुरता शोषून घेऊ शकत नाहीत.

चिन्ह तपासायला विसरू नका. रेटा बाहेरच्या दिशेने असूनही काढलेली कक्षा खाली यायला हवी, कारण परिभ्रमणकाळ निरीक्षणांनी पक्का केलेला असतो, रेट्यामुळे गुरुत्वाकर्षण तेवढे कमी पडते आणि मग तेवढ्याच काळात फेरी पुरी व्हायला कक्षा लहान लागते. आयआयएफची कक्षा सुमारे 8 मिलिमीटर उतरते. 265 वॅटच्या, 700 किलोच्या गॅलिलिओची 27. वर सरकली तर चिन्ह उलटे पडले आहे.

पृथ्वीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा दाबही बहुतांशी बाहेरच ढकलतो, म्हणून त्याचे मॉडेल आधीच चालू करा आणि गणिताच्या दोन फेऱ्यांमध्ये फक्त अँटेनाचा रेटा बदला. पडताळणी लेझर अंतरमापनाने, म्हणजे जमिनीवरून सोडलेला लेझर उपग्रहावरून परत येण्याच्या वेळेवरून, करा. गॅलिलिओ, ग्लोनास आणि चीनचे बैदू यांच्यावर त्यासाठी परावर्तक आहेत. जीपीएसच्या आयआयआर, आयआयएफ उपग्रहांवर नाहीत.