बसच्या उभ्या काचेवरचा टवका कसा भरावा

डंपरच्या मागे गाडी लागली आणि त्यातून खडा सुटला, तर मोटारीच्या तिरक्या काचेवरून तो बऱ्याचदा घसरून टपापलीकडे जातो. बस, ट्रक, टिपर यांची काच जवळजवळ उभी असते. खडा तिच्यावर सरळ आदळतो, म्हणून टवका खोल बसतो. तो भरायचे संच बाजारात मिळतात, पण त्यातले बरेचसे तिरकी काच डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले. उभ्या काचेवर रेझिन, म्हणजे टवक्यात भरायचे आणि अतिनील किरणांनी घट्ट होणारे द्रव्य, खाली ओघळते आणि हवा टवक्याच्या वरच्या अर्ध्या भागात अडकते. मग तिथे काळपट चंद्रकोर राहते. ती चंद्रकोर घालवणे हेच या कामातले खरे कसब.

आधी काच ओळखा. कोपऱ्यातला शिक्का वाचा. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक पडदा, साधारण 0.76 मिलिमीटर जाडीचा. आपण भरतो ते फक्त बाहेरच्या काचेतले नुकसान. आतल्या बाजूने नख फिरवून पाहा. नख अडकले तर आतली काचही गेली, आता काच बदलायचीच. बाजूच्या खिडक्यांच्या टफन्ड काचेला तर हातही लावू नका, ती भरता येत नाही. सुई किंवा ड्रिल टोचले तर क्षणात तिचा भुगा होतो.

टवका रुपयाच्या नाण्याहून मोठा असेल, काचेच्या कडेपासून चार बोटांच्या आत असेल किंवा चालकाच्या थेट नजरेसमोर असेल, तर भरू नका. भरलेल्या जागी पुसट डाग राहतोच आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड त्यावर फुटतो. जुन्या बसला दोन तुकड्यांची काच रबरात बसवलेली असते. तिथे चालकापुढचा एकच तुकडा बदलता येतो, आणि माणसे वाहणाऱ्या गाडीत त्या खर्चाचा विचार करू नये असे मला मनापासून वाटते.

खडा लागल्या दिवशीच टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. तोवर काच धुऊ नका. धूळ आणि पाणी आत गेले की रेझिन धरत नाही.

काम सावलीत करा, शक्यतो सकाळी. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेझिन आत पोहोचण्याआधीच घट्ट होते, आणि तापलेल्या काचेवर ते पाण्यासारखे पातळ होऊन वाहते. पावसाळ्यात गाडी एक रात्र शेडमध्ये ठेवा, मग हेअर ड्रायर कमी आचेवर, लांबून फिरवा. घाईने तापवलेल्या काचेचा तडा लांबतो.

गाडी सपाट जागी, हॅन्डब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. उभे राहायला रंगाऱ्याचा घोडा घ्या, शिडी काचेला टेकवू नका. चष्मा आणि हातमोजे हवेत. माणसे दोन लागतात: एक बाहेर, एक आत.

टवक्यातला सैल चुरा सुईने अलगद काढा. तोंडाने फुंकर मारू नका, श्वासातला ओलावा आत बसतो. खाली चिकटपट्टीची आडवी पन्हळ करा, म्हणजे ओघळ रंगावर उतरणार नाही.

आता ब्रिज, म्हणजे इंजेक्टर (टवक्यात रेझिन दाबणारी दट्ट्याची नळी) धरून ठेवणारा सक्शन कपचा सांगाडा. उभ्या काचेवर तो स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि इंजेक्टरच्या रबराची वरची कड उघडी पडते. म्हणून त्याला दोरी बांधून ती वायपरच्या दांड्याला किंवा आरशाच्या पट्टीला अडकवा. ब्रिजचे पाय फिरवून इंजेक्टर काचेशी काटकोनात आणा. रबर सगळीकडून सारखे बसले का, हे आतल्या माणसाला विचारा.

इंजेक्टर आडवा धरला की त्याच्या नळीत वरच्या बाजूला हवा साठते. ती आधीच काढायला हवी. तो सुटा करता येत असेल तर तोंड वर करून रेझिन भरा, दट्ट्या हळूच दाबा, नळीच्या तोंडाशी थेंब दिसला की लगेच काचेला लावा. आत भरायला पातळ रेझिन घ्या, ते बारीक तड्यांत शिरते. वरच्या खळगीसाठी घट्ट रेझिन राखून ठेवा.

दट्ट्या मागे ओढून पाच मिनिटे थांबा, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. पण उभ्या काचेवर हे बुडबुडे नळीच्या माथ्याशी जमतात, आणि तसाच दाब दिला तर तीच हवा परत टवक्यात शिरते. म्हणून दाब देण्याआधी रबर क्षणभर सैल करून हवा सोडा, थेंबभर रेझिन घाला आणि मगच पाच मिनिटे दाब द्या. असे तीन-चार वेळा करा. चंद्रकोर जात नसेल तर आतल्या माणसाने टवक्यामागे अंगठा हलकेच दाबावा. बाहेरच्या काचेतले तडे केसभर उघडतात आणि रेझिन आत ओढले जाते. जोर नको. इथे घाई केली तर सगळे वाया जाते. मी या एका टप्प्यावर अर्धा तास घालवलेला आहे.

इंजेक्टर काढताच खळगीतले रेझिन खाली यायला लागते, त्यामुळे प्लास्टिकची पारदर्शक फित आधीच हातात तयार ठेवा. घट्ट रेझिनचा थेंब लावा आणि फित खालून वर दाबत न्या, म्हणजे हवा वरून निसटेल. मग यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा संचावर लिहिलेल्या वेळेइतका लावा, पण बाहेरूनच. आतून लावून उपयोग नाही, मधला पीव्हीबीचा पडदा ती किरणे जवळजवळ सगळी अडवतो.

कडक झाल्यावर नवे ब्लेड काचेशी काटकोनात धरून वरचा उंचवटा खरवडा आणि पॉलिश लावा. तड्यांची टोके आतून मार्करने ठिपके देऊन ठेवा. गाडी आठवडाभर घाटरस्त्यात चालू द्या, मग पाहा. तडा ठिपक्यापुढे गेला असेल तर काच बदलून घ्या.