लसीचा सरकारी आदेश आला, तर आधी माणसं मोजा

मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबसजवळ एका गोदामाच्या कंपनीत एचआर बघते. 5 नोव्हेंबर 2021, दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी ओशाचा, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या केंद्रीय खात्याचा, कोरोनाच्या लसीचा आदेश निघाला आणि मालकांचा फोन आला, "हे कोर्टात टिकेल का गं?" मी म्हटलं, "आधी आपल्याला लागू आहे का ते बघू." असा आदेश पुन्हा कधी आला, तर सुरुवात इथूनच करा.

आदेश 100 किंवा जास्त कामगारांच्या खासगी कंपन्यांसाठी होता: लस, नाहीतर दर आठवड्याला चाचणी आणि मास्क. शंभर मोजताना सगळ्या शाखा एकत्र धरायच्या, पार्टटाइमवाल्यांसकट. घरून काम करणारे मोजणीत येतात, पण लसीची अट त्यांना नाही. स्टाफिंग एजन्सीने पाठवलेली माणसं एजन्सीच्या खात्यावर. आमच्या यादीत 131 नावं होती, त्यातली 23 एजन्सीची. उरले 108. करंजीचा डबा बाजूला सारून मी दोनदा वजाबाकी केली, पण 108 काही शंभराच्या खाली येईनात.

मग कायदा उघडा. लस चांगली की वाईट यावर कोर्टात वेळ घालवू नका, तो मुद्दा तिथे फारसा चालत नाही. विचारायचं एवढंच: या खात्याला हा अधिकार दिला कोणी? 1970 च्या कामगार सुरक्षेच्या कायद्यानुसार तातडीचा नियम काढायला कामगारांना गंभीर धोका हवा आणि तो टाळायला नियम गरजेचा हवा. आमचे एक सप्लायर 1905 च्या जेकबसन खटल्याचा दाखला देत बसले होते. त्यात देवीची लस नाकारणाऱ्याचा 5 डॉलर दंड सुप्रीम कोर्टाने कायम केला होता. पण तो अधिकार मॅसॅच्युसेट्स राज्याचा होता. केंद्राच्या खात्याला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्यात दिलं तेवढंच मिळतं.

आदेशाविरुद्ध अर्ज कुठे करायचा, हेही त्याच कायद्यात आहे. 60 दिवसांच्या आत, थेट सर्किटच्या, म्हणजे काही राज्यं मिळून केलेल्या भागाच्या, केंद्रीय अपील कोर्टात. तुम्ही राहता किंवा तुमचा मुख्य धंदा असतो त्या भागातल्या. स्थगिती मात्र वेगळी मागावी लागते. भाऊबीजेलाच न्यू ऑर्लिन्सच्या पाचव्या सर्किटने स्थगिती दिली. देशभरातून अर्ज आल्यामुळे 16 नोव्हेंबरला चक्क चिठ्ठी काढून सगळी प्रकरणं सिनसिनाटीच्या सहाव्या सर्किटकडे गेली. आमचंच सर्किट. 17 डिसेंबरला त्यांनी स्थगिती उठवली.

म्हणून सांगते, स्थगिती मिळाली म्हणून फाइल बंद करू नका. स्थगिती उठली तेव्हा ओशाने 10 जानेवारीपर्यंतच सवलत दिली, आणि नोव्हेंबरात निवांत झालेल्या कंपन्या नाताळच्या सुट्टीत लसीची कार्डं गोळा करत फिरल्या. आमच्याकडे यादी तयार होती. पुण्याहून आलेल्या एका सहकाऱ्याचं कोव्हिशील्डचं प्रमाणपत्र मालकांना चालेना. डब्ल्यूएचओने मान्य केलेल्या लसी आदेशात धरल्या होत्या, ते पान दाखवल्यावर चाललं.

13 जानेवारी 2022 ला सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी आदेश रोखला. कोरोना घरी, शाळेत, खेळाच्या मैदानावरही होतो, तो काही कामाच्या जागेचाच धोका नाही, असं बहुमताचं म्हणणं. पण त्याच दिवशी मेडिकेअर-मेडिकेडचे, म्हणजे वृद्ध आणि गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे घेणाऱ्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांवरची लसीची अट 5 विरुद्ध 4 ने चालू ठेवली, कारण तिथे कायद्याचा आधार वेगळा होता. 26 तारखेला ओशाने आदेश मागे घेतला.

ठाण्याचा भाऊ तेव्हा लोकलच्या पाससाठी दोन डोस आणि वर 14 दिवस मोजत होता. त्याला इथल्या निकालाचा काही उपयोग नव्हता. भारतात अशा सरकारी आदेशाविरुद्ध वाट हायकोर्टातल्या रिट याचिकेची. मेघालय हायकोर्टाने जून 2021 मध्ये दुकानदार, टॅक्सीवाल्यांवरच्या सक्तीविरुद्ध निकाल दिला. 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने कुणावर लस लादता येत नाही असं सांगितलं, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालायची मुभा सरकारला ठेवली.

आणि तुम्ही कंपनी नसून कामगार असाल, तर एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सरकारी आदेश पडला तरी मालकाने स्वतः घातलेली अट पडत नाही. मोंटानासारख्या राज्याने कायद्यानेच मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. धर्म किंवा आजाराचं कारण असेल तर सवलत मालकाकडे लेखी मागा, तारीख घाला, प्रत स्वतःकडे ठेवा. नकार आला तर केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार 180 दिवसांत, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर 300 दिवसांत. आमच्याकडचा एक फोर्कलिफ्टवाला हे सगळं तोंडीच बोलला होता. सहा महिन्यांनी त्याला विचारलं, कधी आणि कुणाशी बोललास, तर त्यालाही आठवेना.