फॉरवर्डची वाट पाहू नका, साईटचं फीड लावून घ्या

भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी हे मुद्दाम लिहून राहिलो, पण शेतीवाल्या भावांनाही तेवढंच कामी पडेल. आपल्याकडे जाहिरात निघाली हे कळते कुठून, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरून. तिथे मागच्या वर्षीची पीडीएफ आजचीच म्हणून फिरत राहते आणि खरी येते तेव्हा गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली दबून जाते. मग अभ्यासिकेत बसलेला पोरगा दिवसभर त्याच त्या साईटी उघडून पाहते, त्यातला अर्धा वेळ पान लोड व्हायची वाट पाहण्यातच जाते. एवढी मेहनत करणाऱ्या पोराचा फॉर्म निव्वळ तारीख कळली नाही म्हणून राहून जावा हे मले पटत नाही.

तर फीड म्हणजे काय ते आधी समजून घ्या. बऱ्याच साईटींवर आपल्याला दिसणाऱ्या पानासोबत एक साधी फाईल पण असते, त्यात नवीन गोष्टींची नावं, तारीख, लिंक आणि थोडाफार मजकूर, बस. याला आरएसएस म्हणतात, १९९९ पासून आहे, अ‍ॅटम नावाचा दुसरा प्रकार नंतर आला, काम दोघांचं एकच. तुमच्या फोनमधलं रीडर अ‍ॅप थोड्या थोड्या वेळाने ती फाईल पाहून येते आणि नवीन काही असलं की तुमच्यासमोर ठेवते. काही बदललं नसेल तर बहुतेक सर्व्हर नुसतं "बदल नाही" एवढंच कळवतात, फाईल परत उतरतच नाही, म्हणून डेटा अगदी कमी लागते. गूगलचं रीडर २०१३ मध्ये बंद झालं तेव्हापासून लोकांना वाटते हे प्रकरणच संपलं, पण पॉडकास्ट आजही याच फीडवर चालतात. आणि मले सगळ्यात आवडते ते हे की मधात बसून तुम्हाला काय दाखवायचं ते ठरवणारं कोणीच नाही, जे साईटने टाकलं ते तारखेप्रमाणे दिसते.

आता लावायचं कसं. अ‍ॅन्ड्रॉइडवर फीडर नावाचं अ‍ॅप आहे, फुकट आहे, खातं काढा लागत नाही. उघडून फीड जोडायचा पर्याय घ्या, साईटचा पत्ता पेस्ट करा आणि शोधा म्हणा, त्या साईटचं फीड असलं तर बहुतेक वेळा ते अ‍ॅपच हुडकून काढते. नाही सापडलं तर पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ देऊन इंग्रजीत फीड (/feed) असं टाईप करून पाहा, वर्डप्रेसवर बनलेल्या साईटींचं फीड तिथेच असते आणि अशा साईटी खूप आहेत. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनलचं पण फीड असते, म्हणजे कपाशीवरच्या बोंडअळीची माहिती देणारा एखादा चांगला चॅनल असला तर बाकीच्या शंभर व्हिडिओत न गुंतता फक्त त्याचं नवीन तेवढं पाहता येते. पीआयबी (केंद्र सरकारच्या अधिकृत बातम्या देणारं कार्यालय) आणि रिझर्व्ह बँक दोघांचे आरएसएस त्यांच्याच साईटवर दिलेले आहेत, चालू घडामोडीसाठी ते लावाच.

सेटिंगमध्ये दोन गोष्टी नक्की करा. एक तर ज्या फीडची घाई आहे, म्हणजे भरतीचं, त्याचंच नोटिफिकेशन चालू ठेवा, सगळ्यांचं केलं तर चार दिवसांत वैतागून तुम्हीच अ‍ॅप काढून टाकसान. दुसरं म्हणजे फोनची बॅटरी सेटिंग, स्वस्तातले फोन मागे चालणारे अ‍ॅप बंद करून टाकतात आणि मग फीड येतच नाही, म्हणून त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढून ठेवा. पूर्ण लेख उतरवून ठेवायचा पर्याय पण आहे, गावात रेंज असते तेव्हा उतरवून घ्या अन् वावरात बसून बिनानेटचं वाचा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, फीडमध्ये सगळं जुनं नसते. वर्डप्रेसमध्ये मुळात शेवटच्या १० नोंदी राहतात, यूट्यूबमध्ये १५. पावसाळ्यात लाईट गेली, टॉवर बंद पडला, आठवडाभर फोनला नेट नाही मिळालं आणि तेवढ्यात साईटवर वीस नोंदी पडल्या तर त्यातल्या आधीच्या तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. ज्यांच्या गावात असं होते त्यांनी फीडली किंवा इनोरीडर घ्यावं, ते फीड त्यांच्या सर्व्हरवर गोळा करतात, तुमचा फोन बंद असला तरी, नेट आलं की सगळं एकदम दिसते. खातं काढा लागते, पण फुकटातलं आपल्याला पुरून उरते.

ज्या साईटीला फीडच नाही, आणि सरकारी साईटींमध्ये अशा सापडतातच, तिथे दोन उपाय आहेत. गूगल अलर्ट म्हणजे एखाद्या विषयावर नेटवर नवीन काही आलं की कळवणारी गूगलची सोय, त्यात विषय टाकून डिलिव्हरीच्या जागी ईमेलऐवजी आरएसएस फीड निवडा, त्याची लिंक अ‍ॅपमध्ये टाका. दुसरा उपाय कॉम्प्युटर असलेल्यांसाठी, डिस्टिल नावाचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं अ‍ॅप, पानाचा ठराविक भाग बदलला की सांगते, म्हणून फक्त "नवीन सूचना" वाला डबा निवडून ठेवायचा. आणि खबर कुठूनही मिळो, फॉर्म भरायच्या आधी मूळ साईटवरची पीडीएफ उघडून शेवटची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, नुसत्या हेडिंगवर जाऊ नका.

हे सगळं प्रत्येकाने वेगवेगळं करायची गरज नाही. एकाने नीट यादी जमवली की अ‍ॅपमधून त्या यादीची ओपीएमएल नावाची फाईल बाहेर काढता येते, तीच फाईल दुसऱ्याने आपल्या अ‍ॅपमध्ये घेतली की सगळे फीड एका झटक्यात लागतात, अ‍ॅप वेगळं असलं तरी चालते. अभ्यासिकेतल्या एखाद्या ताईने किंवा दादाने भरतीची, चालू घडामोडीची आणि शेतीची अशी तीन फोल्डरं करून फाईल बनवावी आणि नवीन येणाऱ्या पोरांना पहिल्याच दिवशी पाठवून द्यावी.