साताऱ्याहून पुण्याला शिकायला येणाऱ्या पोरापोरींसाठी

पुणं आपल्याला लांब नाही. साताऱ्यात विना थांबा गाडीत बसलं, खंबाटकीचा बोगदा मागं पडला की स्वारगेटचे वेध लागतात. जेमतेम ११० किलोमीटर. पहिल्या वर्षी हेच जवळपण घात करतं. मी ते भोगलंय.

२००७ साली कोरेगाव तालुक्यातून मी बी.कॉम.ला पुण्यात आले. दिवाळीपर्यंत एकही शनिवार इथं काढला नाही. कॉलेज सुटलं की पिशवी खांद्याला आणि थेट स्वारगेट, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मेसच्या मावशी एका लांबुडक्या वहीत खाडे मांडायच्या. प्रत्येकीच्या नावापुढं तारखांचे रकाने, जेवली नाही त्या दिवशी लाल पेनची फुली. दिवाळीआधी हिशेब करताना त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. माझ्या ओळीत दर पाच घरांनंतर दोन फुल्या, एकही आठवडा चुकलेला नाही. "बाळ, तू राहतीस तरी कुठं नक्की?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता येईना. वर्गातल्या मुली शनिवारी एकत्र बसून अकाउंट्सची गणितं सोडवायच्या, कुणाच्या नोट्स चांगल्या हे त्यांना ठाऊक असायचं, अभ्यासिकेतली खिडकीजवळची जागा त्यांनी धरलेली असायची. मी तेव्हा एसटीत.

म्हणून कळकळीनं सांगते, कॉलेज सुरू झाल्यावर पहिले दोन महिने घरी जाऊ नका. एकदम गणपतीला जा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं मुलींना तर मोह जास्तच होणार. आईला रोज फोन करा, रडू आलं तर रडा, पण शनिवार पुण्यात काढा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फार जड जातं. त्या दिवसांत खोलीत एकटं बसू नका.

घरी पळायचं एक कारण आधीच मोडून टाका: कागदपत्रं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर, हे सगळं निघण्याआधी काढून ठेवा. एका दाखल्यासाठी तहसील कार्यालयात परत जायचं म्हणजे दोन दिवस गेले. शेतकऱ्यांच्या मुलांनी अल्पभूधारकाचा दाखलाही घ्यावा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी तो लागतो. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांनी राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणाऱ्या स्वाधार योजनेची चौकशी करावी. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा बँकेत जाऊन तेवढं आधी बघून घ्या. यात कमीपणा मानू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं ते आपल्यासारख्यांच्याच पोरांसाठी.

खोली बघताना भाड्याआधी अंतर बघा. कॉलेज आणि मेस चालत गाठता येत असेल तर पाचशे-हजार जास्त गेले तरी जाऊ द्या. लांबची स्वस्त खोली बसभाड्यात आणि झोपेत वसूल होते. कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका कॉटचं भाडं देऊन, राहणार असाल तर पाणी किती वाजता येतं हे मालकाला नाही, तिथं राहणाऱ्या मुलांना विचारा. डिपॉझिट दिल्याची सहीची चिठ्ठी घ्या किंवा खात्यावरच पाठवा. माझं पहिलं डिपॉझिट चिठ्ठी नव्हती म्हणूनच बुडालं. मेस लावताना खाडा धरतात का, आणि किती दिवस आधी सांगावं लागतं, हे आधी विचारा. बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. मला ते माहीत नव्हतं. पहिल्या रविवारी लातूरच्या रूममेटनं तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि दोन धपाटी माझ्यापुढं ठेवली. ती मैत्रीण आजही आहे.

वाटा कळायला वेळ लागतो, त्याला घाबरू नका. साताऱ्यात अजिंक्यतारा दिसला की दक्षिण कळते. पुण्यात पेठांमध्ये असाल तर तेच काम पर्वती करते. शनिवार पेठ, सदाशिव पेठ ही नावं आपल्याकडंही आहेत, म्हणून पत्ता लिहिताना पिनकोड चुकवू नका. पुण्यातल्या सदाशिव पेठेचा ४११०३०. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता एकेरी आहेत, उलट दिशांचे. सकाळी जिथं उतरलात तिथं संध्याकाळी परतीची बस मिळणार नाही, शेजारच्या रस्त्यावर जावं लागेल. स्वारगेटला सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो आहे, तिचा विद्यार्थी पास काढून घ्या. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात, आधी जुनी मिळतात का ते विचारून.

आणि गणपतीला घरी निघाल तेव्हा खाडा सांगून निघा. येताना कंदी पेढ्यांचे दोन पुडे आणा, एक रूममेटला, एक मेसच्या मावशींना.